चंपीची गुरगुर, ब्रूनोची भूक

एका घरात दोन कुत्री, किंवा कुत्रं आणि मांजर एकत्र राहतात, तेव्हा त्यांच्या भांडणाचं कारण बहुतेक वेळा जमिनीवरच सापडतं. अर्धं चघळलेलं हाड असतं, जेवणाचं भांडं असतं, नाहीतर कॉटखालची थंड फरशी असते. ही वस्तू किंवा जागा दुसऱ्याकडे जाऊ नये म्हणून प्राणी ताठरतो, पाठ फिरवतो, भराभर गिळतो, गुरगुरतो आणि शेवटी चावतो. अभ्यासक या सगळ्याला मिळून ‘रिसोर्स गार्डिंग’ म्हणतात. घराघरांत याला खोड म्हणतात आणि ती मोडायला निघतात. माझ्या मते अनर्थाची सुरुवात तिथेच होते. पण खोड मोडू पाहणाऱ्याची काळजीही खोटी नसते. घरात लहान मूल असतं, मांजर असतं, आणि दात कुत्र्याच्या तोंडात असतात. म्हणून हा विषय दोन्ही बाजूंनी मांडायचा, तर दोन माणसं समोरासमोर बसवणं मला योग्य वाटलं.

संवादातली माणसं आणि जनावरं कल्पित आहेत. मामा निवृत्त शिक्षक, तासगावजवळ त्यांची द्राक्षबाग. भाची शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकलेली, आता पुण्यात कुत्र्या-मांजरांवर उपचार करते. घरात चंपी ही नऊ वर्षांची गावठी कुत्री आणि मनी हे मांजर. मामांचा मुलगा अलीकडेच पुण्याहून कुटुंबासह गावी राहायला आला. त्याच्यासोबत तीन वर्षांचा नातू आला, आणि ब्रूनो नावाचा तरणाबांड लॅब्रडॉरही.

मामा : नऊ वर्षांत चंपीनं घरात कुणाला दात दाखवला नाही. मनी तिच्या पोटाशी झोपायची. ब्रूनो आला आणि ही बदलली. भांड्यापाशी त्याच्यावर वसकन गेली. त्याच रात्री मनी कॉटखाली शिरली, तर तिच्यावरही झडप घातली. आज मांजर आहे, उद्या नातू असेल. मी भांडं उचलून घेतलं, चांगलं दटावलं. अन्न कोण देतं हे तिला कळलंच पाहिजे.

भाची : वसकन जाण्याच्या आधी काय झालं होतं?

मामा : काही नाही. एकदम गेली.

भाची : आज सकाळी मी सोप्यात बसून बघत होते. तुम्ही दोघांना शेजारी शेजारी वाढलंत. ब्रूनोनं त्याचं भांडं बघता बघता चाटूनपुसून साफ केलं आणि तो चंपीकडे वळला. त्याच क्षणी चंपीची शेपूट थांबली. मान भांड्यात होती, पण तोंड चालत नव्हतं. घास धरून ती थिजली होती. मग नुसता डोळा वळला, मान नाही, त्यामुळे डोळ्याच्या कडेला पांढरं दिसलं. ब्रूनो पुढे आला. तिनं भांड्यावर खांदा आडवा घातला. तो आणखी पुढे आला, तेव्हा वरचा ओठ एका बाजूनं उचलला गेला. त्यानंतर ती गुरगुरली. तुम्हाला ऐकू आली ती ही शेवटची गोष्ट. तिचं त्याआधी चार-पाच वेळा सांगून झालं होतं.

मामा : एवढं बारीक कोण बघत बसतं?

भाची : दुसरं कुत्रं बघतं, मामा. निदान त्यानं बघावं अशी अपेक्षा असते. केंडल शेफर्ड या ब्रिटिश पशुवैद्य बाईंनी या खुणा शिडीसारख्या मांडल्यात. खालच्या पायऱ्यांवर जांभई देणं, नाक चाटणं, मान वळवणं. मग निघून जाणं, अंग चोरणं. वर ताठरणं, रोखून बघणं, गुरगुरणं, हवेत तोंड मारणं आणि टोकाला चावा. खालच्या पायरीवर काम झालं, तर कुत्रं वर चढत नाही. चंपीचं अडतं ते ब्रूनोपाशी. खालच्या खुणांकडे तो लक्षच देत नाही, थेट आत घुसतो.

मामा : म्हणजे गुरगुरणारी शहाणी आणि मुकाट असणारा दोषी? ब्रूनो तर गरीब आहे. नातू त्याच्या अंगावर लोळतो.

भाची : मी दोषी कुणालाच म्हणत नाही. एसटीत खिडकीच्या जागेवर कुणी रुमाल टाकला की आपण तो उचलत नाही, सीट मोकळी दिसली तरी. चंपी रुमाल टाकते. ब्रूनो तो बाजूला सारून बसतो. मग आवाज चढतो, आणि बघणाऱ्याला आवाज चढवणाराच भांडखोर दिसतो.

मामा : ठीक आहे. पण घरात लहान पोर आहे. गुरगुर मला चालणार नाही. पहिल्या गुरगुरीला दम दिला तर दुसरी येत नाही, हा माझा अनुभव आहे.

भाची : दुसरी गुरगुर येत नाही हे खरं. पण तिच्या मनातली भीती तशीच राहते. ब्रूनो आला की अन्न जाईल, हे तिला आधी वाटत होतं. आता ब्रूनो आला की अन्न जाईल आणि वर मामा ओरडतील, असं दुप्पट झालं. गुरगुरायची बंदी झाली, तर तिच्याकडे उरतं ते थेट तोंड मारणं. ‘काही आवाज न करता चावलं’ म्हणून लोक कुत्री घेऊन येतात, त्यांतल्या कितीतरी घरांत आवाज आधीच बंद पाडलेला असतो. नातवाच्या दृष्टीनं विचार करा. सांगून चावणारं कुत्रं बरं, की न सांगता?

मामा : न चावणारं बरं. आणि त्यासाठी घरात वरचष्मा कुणाचा, हे ठरलेलं लागतं. लांडग्यांच्या कळपातही म्होरक्या आधी खातो.

भाची : ही कल्पना कुठून आली ते सांगते. स्वित्झर्लंडमधल्या बासेलच्या प्राणिसंग्रहालयात कोंडलेल्या लांडग्यांवर रुडॉल्फ शेंकेल यांनी १९४७ साली निबंध लिहिला. कुठकुठचे लांडगे एका आवारात ठेवले होते, ते भांडत होते, त्यावरून म्होरक्याची कल्पना पक्की झाली. डेव्हिड मेक यांच्या १९७० च्या ग्रंथानं ती जगभर पसरली. पुढे याच मेक यांनी कॅनडाच्या उत्तर टोकाला, एल्स्मियर बेटावर, १९८६ पासून वर्षानुवर्षं उन्हाळे मोकळ्या लांडग्यांच्या संगतीत काढले. १९९९ साली त्यांनी लिहिलं की रानातला कळप म्हणजे आई, बाप आणि त्यांची पोरं. आणि त्यांचंच एक निरीक्षण तुमच्या मुद्द्याला लागू पडतं. लांडग्याच्या तोंडातलं आणि तोंडाभोवतीचं अन्न हे त्याचं, मग तो कळपात कितीही खालचा असो. वरचढ लांडगा आला तरी तो ते राखायला बघतो. म्हणजे राखणं हे काही गादीवर दावा सांगणं नाही.

मामा : लांडगे राहू दे. चंपी गावठी आहे.

भाची : मग गावठी कुत्र्यांचंच घ्या. कोलकात्याच्या आयसर संस्थेत अनिंदिता भद्रा आणि त्यांचे विद्यार्थी रस्त्यावरच्या कुत्र्यांचा अभ्यास करतात. त्यांना दिसलं की पिल्लं लहान असताना आई त्यांना अन्न घेऊ देते, आणि ती मोठी होत जातात तशी तीच आई त्यांच्याशी अन्नासाठी झगडू लागते. पोटच्या पोरांशी! ती दुष्ट नसते. उकिरड्यावर जे मिळेल त्यावर जगायचं, तर मिळालेलं राखता यायला हवं. ज्यांना ते जमलं नाही त्यांची पिढी पुढे आली नाही. चंपी त्यांच्यातलीच आहे. तिनं राखलं यात नवल नाही. नऊ वर्षं तिला राखावं लागलं नाही, हे तुमच्या घराचं कौतुक आहे.

मामा : नऊ वर्षं का लागलं नाही, ते मी सांगतो. तेव्हा शिस्त होती. मळ्यात आमची तीन-तीन कुत्री असायची. कधी एकमेकांचे कान फाडले नाहीत. त्यांना कुणी चिकनचे तुकडे चारत नव्हतं.

भाची : ती जेवायची कुठे?

मामा : कुठेही. भाकरी टाकली की एक बांधावर जायचं, एक बाभळीखाली, एक विहिरीकडे.

भाची : मग उत्तर तुम्हीच दिलंत. टाकलेली भाकरी तोंडात धरून वीस-पंचवीस पावलं लांब जाता येत होतं. भांडण टाळायचा सगळ्यात जुना उपाय म्हणजे निघून जाणं, आणि मळ्यात त्याला जागा होती. आता सोप्याला जाळी लागलीय, मधलं दार बंद असतं, फरशी गुळगुळीत आहे आणि दोन भांडी दोन हातांच्या अंतरावर. चंपी जाणार कुठे? शिस्तीचं श्रेय मी नाकारत नाही, वेळच्या वेळी खायला मिळणं हीसुद्धा शिस्तच. पण मोठं काम अंतरानं केलं होतं.

मामा : हे पटतं थोडंसं. पण ब्रूनोला काय कमी आहे? पोटभर खातो आणि तरी दुसऱ्याच्या भांड्यात तोंड.

भाची : त्याचं पोट भरतं, भूक जात नसेल. केंब्रिजच्या एलेनॉर रॅफन यांनी २०१६ साली दाखवलं की साधारण चार लॅब्रडॉरमागे एकात पॉम्क नावाच्या जनुकाचा एक तुकडा गळालेला असतो. ‘पुरे झालं’ असा जो निरोप मेंदूला जायचा, तो अशा कुत्र्यात नीट जात नाही. ती वजनानं जड असतात आणि अन्नाच्या मागे लागतात. ब्रूनोत तो दोष आहे की नाही हे तपासल्याशिवाय सांगता यायचं नाही. पण लॅब्रडॉर शेजारी बसवून वाढणं आणि त्यानं दुसऱ्याच्या ताटाकडे बघू नये अशी आशा धरणं, हे त्याच्यावरही अन्यायाचं आहे.

मामा : बरं, आता माझा प्रश्न ऐक. मागच्या आठवड्यात ब्रूनोनं बेदाण्याची पिशवी पळवली. बेदाणा कुत्र्याला विषारी, हे तूच सांगितलंस. मी त्याचा जबडा धरून, बोटं घालून पिशवी काढली. तेव्हा काय करायला हवं होतं? त्याच्या भावना विचारत बसायचं?

भाची : तेव्हा तुम्ही केलंत ते जिवाच्या आकांतानं केलंत. द्राक्षं आणि बेदाणे कुत्र्याचं मूत्रपिंड निकामी करू शकतात. आता त्यातल्या टार्टारिक आम्लावर संशय आहे. किती खाल्ले तर धोका, हे कुत्र्यागणिक बदलतं. त्यामुळे तासगावातल्या कुत्र्याला तोंडातलं सोडता येणं हा जगण्या-मरण्याचा प्रश्न आहे. पण जबडा उघडताना तो काय करत होता, ते आठवा.

मामा : गिळत होता. जितकं ओढत होतो, तितकं भराभर गिळत होता.

भाची : तेही राखणंच आहे, मामा. पोटात गेलेलं कुणी काढून घेऊ शकत नाही. चंपी गुरगुरून राखते, ब्रूनो गिळून राखतो. त्याचा आवाज होत नाही म्हणून तो गरीब वाटतो. तुम्ही रोज त्याच्या तोंडातून चप्पल ओढून काढता, मोजे ओढून काढता. त्यातून तो एवढंच शिकतो की मामा जवळ आले की घाई करायची. हाच धडा बेदाण्याच्या दिवशी उलटतो. पेनसिल्वेनिया विद्यापीठातल्या मेगन हेरॉन आणि सहकाऱ्यांनी २००९ साली एक पाहणी प्रसिद्ध केली, वागणुकीच्या तक्रारी घेऊन आलेल्या कुत्र्यांच्या मालकांची. तोंडातली वस्तू जबरीनं काढून घेणाऱ्यांपैकी ३९ टक्के जणांनी सांगितलं की कुत्रं उलटलं. मारणाऱ्या किंवा लाथ घालणाऱ्यांत तेच प्रमाण ४३ टक्के होतं.

मामा : ती आधीच बिघडलेली कुत्री. त्यांच्यावरून सगळ्यांचा हिशेब कसा करायचा?

भाची : रास्त शंका आहे. सगळ्या कुत्र्यांना हा आकडा लागू करू नये. पण ज्याला आधीच राखायची सवय लागलीय, त्याच्यावर जोर चालवला तर काय होतं, हे त्यातून दिसतं, आणि आपल्या घरात तेच चाललंय. त्याऐवजी रोज बदली करायची. त्याच्या तोंडात चप्पल आहे, तुम्ही चिकनचा तुकडा नाकाशी धरा, ‘सोड’ म्हणा, चप्पल सुटली की तुकडा द्या. धोका नसलेली वस्तू असेल तर ती त्याला परत द्या. हे परत देणंच लोक विसरतात. सोडलं म्हणजे गेलंच असं नाही, हे त्याला कळलं की घाई जाते. आणि खरंच विष तोंडात असेल तर मूठभर चिकन लांब जमिनीवर उधळा, तो तिकडे धावला की पिशवी उचला. एखादा दाणा पोटात गेल्याची शंका असली तरी वाट न बघता डॉक्टरला फोन करा.

मामा : ही लाच झाली. आणि आता चंपीलाही ब्रूनोसमोर चिकन द्यायला सांगशील, म्हणजे तर गुरगुरण्याचं बक्षीस!

भाची : गुरगुरल्यावर दिलं तर तुमचं म्हणणं खरं. म्हणून आधी द्यायचं, आणि इतक्या लांबून सुरुवात करायची की तिला गुरगुरावंसंच वाटणार नाही. असं बघा. ब्रूनो अंगणाच्या पार टोकाला, पट्ट्यावर, तुमच्या मुलाच्या हातात. चंपी इकडे मोकळी नाही, तीही माझ्याकडे पट्ट्यावर. ब्रूनो कोपऱ्यावरून दिसला की चंपीसमोर चिकन पडायला लागतं. तो दिसेनासा झाला की चिकन बंद. पुन्हा दिसला, पुन्हा चिकन. काही दिवसांनी ब्रूनो दिसताच ती त्याच्याकडे न रोखता माझ्या हाताकडे बघते. तेव्हा एक-दोन पावलं अंतर कमी करायचं. ती ताठरली तर चूक माझी, मी जवळ आणण्याची घाई केली. परत मागे जायचं. तिच्या हिशेबात ब्रूनो म्हणजे तोटा आहे. मला तो हिशेब पालटायचाय. दम देऊन तो पालटत नाही.

मामा : आणि माझं भांड्यात हात घालणं? पिल्लू असल्यापासून मी तिच्या भांड्यात हात घालतो, म्हणजे तिला सवय राहते.

भाची : पुष्कळ घरांत हेच सांगितलं जातं. कॅनडातल्या ग्वेल्फ विद्यापीठात जेकब्स आणि सहकाऱ्यांनी कुत्रे पाळणाऱ्यांची मोठी पाहणी केली, ती २०१८ साली आली. जिथे जेवताना भांडं काढून घ्यायची पद्धत होती, तिथे कुत्री जास्त चिडून राखत होती. जिथे जेवता जेवता भांड्यात काहीतरी चवदार टाकायची पद्धत होती, तिथे कमी.

मामा : ज्याचं कुत्रं आधीच तापट, तोच धाक बसवायला भांडं उचलत असेल. कारण आणि परिणाम उलटे नसतील कशावरून?

भाची : नसतील असं ती पाहणी छातीठोकपणे सांगत नाही. पण दोन्ही शक्यता धरल्या तरी निवड सोपी आहे. भांडं उचलून फायदा झाल्याचं त्या पाहणीत दिसत नाही, चवदार तुकडा टाकून नुकसान झाल्याचंही नाही. मग हात रिकामा घेऊन का जायचं?

मामा : एक गोष्ट तुला सांगायची राहिली. चंपी माझ्या पायाशी बसते, आणि मनी माझ्या मांडीवर यायला लागली की गुरगुरते. हे मात्र मला आवडतं. माझी राखण करते ती.

भाची : मनीपासून तुम्हाला काय धोका आहे? चंपी तुम्हाला वाचवत नाही, तुम्हाला राखतेय, हाडासारखं. माया आहेच, पण मायेनं ती मनीला तुमच्यापासून तोडतेय. दारात अनोळखी माणसावर भुंकली की आपण पाठ थोपटतो आणि मांडीपाशी तेच केलं की हसतो. मग भांड्यापाशी केल्यावर दम. तिनं यातून काय समजायचं? पुढच्या वेळी ती गुरगुरली की शब्द न बोलता उठा आणि चालायला लागा. राखायची वस्तूच उठून गेली की राखण्यात राम उरत नाही. आणि ती शांत असताना मनीला जवळ घ्या, दोघींना एकेक तुकडा द्या, नाव घेऊन, आळीपाळीनं.

मामा : कॉटखालच्या जागेचं काय? तिथे तर अन्न नव्हतं.

भाची : चंपी ओट्यावर उडी मारते अजून?

मामा : नाही. पावसाळ्यापासून नाही. सकाळी उठताना मागचे पाय जरा ओढते.

भाची : मग माझा पहिला संशय तिथे आहे. झोपल्या जागेवरून उठायला दुखत असेल, तर अंगाशी येणारं मांजरही नको वाटतं. इंग्लंडमधल्या लिंकन विद्यापीठाचे डॅनियल मिल्स आणि सहकाऱ्यांनी २०२० साली लिहिलं की वर्तनाची तक्रार म्हणून त्यांच्याकडे येणाऱ्या प्राण्यांपैकी, हात राखून अंदाज केला तरी, सुमारे एक तृतीयांशांमध्ये कुठलं ना कुठलं दुखणं सापडतं. नऊ वर्षांत न गुरगुरलेली कुत्री म्हातारपणी गुरगुरायला लागली, तर आधी सांधे, दात, कान, डोळे तपासायचे, मग स्वभावाबद्दल बोलायचं. आणि घरातली माणसांची गोळी देऊ नका. पॅरासिटामॉल मनीच्या पोटात गेली तर ती जीवघेणी ठरते.

मामा : (थोडं थांबून) दुखत असेल, हे माझ्या डोक्यात आलं नाही.

भाची : दुखणं हे तिच्या बाजूचं एक कारण, सगळं नव्हे. मनीचीही बाजू आहे. मांजर मुळात एकट्यानं शिकार करून एकट्यानं खाणारा प्राणी. दिवसभरात थोडं थोडं खातं. तिची वाटी तुम्ही चंपीच्या भांड्याशेजारी ठेवता, म्हणजे दोघींनाही सतत मान वर करून बघावं लागतं. शिवाय मांजराच्या खाण्यात मांसाचा भाग जास्त, कुत्र्याला ते सोडवत नाही. उलट मनी कुत्र्याच्या खाण्यावर जगू शकत नाही, तिला टॉरिन लागतं. ते कमी पडलं तर डोळे आणि हृदय बिघडतं. मनीची वाटी भिंतीतल्या फळीवर जाऊ दे. आणि तिला प्रत्येक खोलीत चढायला एक उंच जागा ठेवा, जिथे दोन्ही कुत्री पोचणार नाहीत.

मामा : आता माझं ऐक. तू सांगतेस ते सगळं खरं मानलं, तरी ते आठवड्यांचं, महिन्यांचं काम आहे. दरम्यान नातू रोज घरात धावतोय. त्याच्या हातात बिस्किट असतं. तो चंपीच्या भांड्यापाशी बसतो. मी तुझ्या शिडीच्या भरवशावर पोराला सोडू? माणसाच्या घरात राहायचं तर जनावरानं काही गोष्टी निमूट सोडल्या पाहिजेत, आणि नसेल सोडत तर माणसानं त्याची जागा वेगळी केली पाहिजे. मनीचं काय, ती तर बोटभर जीव. ब्रूनो किंवा चंपीनं एकदा मान धरली की संपलं. दुबळ्याची बाजू घेणं हे घरातल्या मोठ्याचं काम आहे. ते मी कुत्र्याच्या भावनांवर सोपवणार नाही.

भाची : सोपवूच नका. या मुद्द्यावर मी पूर्ण तुमच्या बाजूला आहे. शिकवण हे नंतरचं काम. आजपासूनचं काम म्हणजे दार. दोघांची जेवणं दोन खोल्यांत, मध्ये बंद दार, खाऊन झाल्यावर भांडी उचलून मगच दार उघडायचं. चघळायची हाडं एकत्र असताना नाहीत. नातू बिस्किट खात असेल तेव्हा कुत्री बाहेर, आणि कुत्री खात असतील तेव्हा नातू मोठ्या माणसाच्या कडेवर. चंपीचं अंथरूण कॉटखालून काढून अशा कोपऱ्यात, जिथून कुणाची ये-जा नाही. आणि तिथे ती पडली असेल तर तिला कुणी हात लावायचा नाही, नातवानं तर नाहीच. कधी जुंपलीच, तर मध्ये हात घालू नका. गोधडी टाका, पाट आडवा घाला, बादलीभर पाणी ओता. दात लागला, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवायची आणि लगेच दवाखाना. कुत्रं घरचं आहे, लस दिलेली आहे, म्हणून टाळायचं नाही.

मामा : आणि एवढं करूनही जमलं नाही तर?

भाची : काही कुत्र्यांचं जमत नाही. चावा खोल जात असेल, कधी कशावर बिनसेल याचा अंदाज येत नसेल, मांजराला बघून शिकारीसारखा पवित्रा घेत असेल, तर पुस्तक वाचून उपाय करू नये. वर्तन समजणाऱ्या पशुवैद्याला घरी बोलवावं. कधीकधी एखाद्याला दुसरं, एकटं राहता येईल असं घर शोधावं लागतं. त्यात लाज नाही. पण चंपी तिथवर पोचलेली नाही. ती अजून बोलतेय.

मामा : मला अजूनही वाटतं की जनावराला ‘नाही’ ऐकता आलं पाहिजे.

भाची : ऐकता यायलाच हवं. ब्रूनोला चंपीच्या भांड्याकडे ‘नाही’, आणि ते ‘नाही’ बंद दारानं, पट्ट्यानं आणि त्याच्या जागेवर बसायला शिकवून सांगायचं. आजवर ते चंपीला एकटीला सांगावं लागलं, म्हणून ती गुरगुरली. घरातल्या मोठ्यानं जे काम करायचं, ते तिच्यावर पडलं होतं.

मामा : मग ब्रूनोचं भांडं उद्यापासून मागच्या पडवीत. मनीची वाटी फळीवर. चंपीला या आठवड्यात सांगलीला नेऊन सांध्यांचा फोटो काढून आणतो. तुझं ते अंगणातलं चिकन मुलगा आणि तू बघा. पण दार मी सांगेपर्यंत उघडायचं नाही. दोन महिने लागोत नाहीतर दोन वर्षं.

भाची : कायमचं बंद राहिलं तरी चालेल. दोन खोल्यांत जेवणारी कुत्री आयुष्यभर एका घरात सुखानं राहतात. बाकी वेळ अंगणात एकत्र फिरतील, झोपतील. एका जागी जेवलीच पाहिजेत असा हट्ट त्यांच्यापैकी कुणी धरलेला नाही.

मामा : आणि वाढायची रांग मी ठरवणार. चंपी आधी. ती मोठी आहे.

भाची : ठरवा. मोठेपणाशी तिला देणंघेणं नसेल, पण पुढे काय होणार हे आधी कळलं की जनावर निवांत होतं. फक्त रोज तीच रांग ठेवा, पाहुणे आले तरी आणि तुम्ही मळ्यात गेलात तरी.